कुणाकडे उतरणार?

लोणीच्या स्टेशनातून लांबलांबच्या शहरांची नावं रोज पळत जातात. उद्यान एक्सप्रेसच्या पाटीवर बेंगळुरू, हुसेनसागरच्या पाटीवर हैदराबाद, कोणार्कच्या पाटीवर भुवनेश्वर. चेन्नईच्या गाड्या आणखी वेगळ्या. यातलं कुणी आमच्याकडे थांबत नाही. थांबते ती पुणे–दौंड शटल, आणि तेल कंपन्यांच्या डेपोंसाठी आलेल्या टँकरच्या मालगाड्या. १८५८ सालच्या डिसेंबरात पुण्याहून भीमेकाठच्या दिक्सळपर्यंत रूळ सुरू झाले, तेव्हा गाडी बघण्याची सवय या पट्ट्याला दीडशे वर्षांहून जुनी. बसून कुठं लांब जायचं म्हटलं, तर मात्र आधी मागं पुण्याला तरी जावं लागतं नाहीतर पुढं दौंडला तरी.

लोणी काळभोरला माणसं यायची सवय आहे. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की मुक्कामाला आमच्याकडे येते, आणि एका रात्रीत गाव ओळखू येईनासं होतं. शेजारी थेऊर, चिंतामणीचं. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली तिथंच गेले, त्यामुळं गणपतीबरोबर इतिहासाचे लोकही येतात. राज कपूर यांची राजबाग इथलीच. आता तिथं विद्यापीठ आहे आणि आत त्यांचं स्मारक, तेही बघायला गाड्या भरून माणसं येतात. गावातलंच माणूस, त्यातून बाई, खांद्याला पिशवी लावून एकटीच स्टेशनकडं निघाली, तर मात्र वाटेतल्या प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न येतो. "कुणाकडे?"

कुठं, असं कुणी विचारत नाही. कुणाकडे. म्हणजे तिथं कुणीतरी असणार हे धरूनच चाललेलं असतं. लग्न, बारसं, दहावं, दवाखाना, कोर्टाची तारीख, देवदर्शन. गाव सोडायला ही एवढी कारणं पुरतात, आणि पिढ्यान्पिढ्या पुरलीत. "सोलापूरला चाललेय, एक घर बघायला," असं मी एकदा खरंखरं सांगितलं, तर लगेच विचारणा झाली की जागा घेताय का, आणि गुंठ्याला काय भाव चाललाय. मग मीही शिकले. "जाऊन येते जरा," एवढंच म्हणायचं आणि चाल ढिली पडू द्यायची नाही.

आपल्या गोष्टींतली एकट्यानं प्रवास करणारी सगळ्यात थोर बाई म्हणजे भोपळ्यातली म्हातारी. वाघाला बनवते, कोल्ह्याला बनवते, जंगल पार करते. पण तीसुद्धा लेकीकडेच जात असते, आणि तूप-रोटी खाऊन जाड होण्याचं आश्वासन दिल्याशिवाय तिला पुढं सोडत नाहीत. लेक नसती, आणि म्हातारी नुसती पलीकडचं गाव बघायला निघाली असती, तर वाघानं काय केलं असतं कोण जाणे.

आमच्याच रुळांवर, दौंडच्या अलीकडं केडगाव स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना घेऊन त्या तिथं वसल्या आणि १९२२ साली तिथंच त्यांचं निधन झालं. याच रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकाभर रेल्वेनं फिरल्या आणि १८८९ साली त्यांनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. अर्थात त्या व्याख्यानं द्यायला, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायला फिरत होत्या, माझ्यासारख्या रिकामटेकड्या नव्हत्या. तरी शटल केडगावला थांबली की माझी मान थोडी ताठ होते. या लाइनीवर बाईनं एकटीनं गाडीत बसणं काही आज सुरू झालेलं नाही.

नातेवाइकांवर माझा राग नाही. त्यांच्या गावात असण्यावर आहे. कोल्हापूरचंच बघा. कोल्हापुरात माझी मावसबहीण राहते, त्यामुळं इतकी वर्षं जाऊनही कोल्हापूर मी बघितलंच नव्हतं. स्टेशनवर भाचा घ्यायला येणार, घरी पोहोचेस्तोवर तांबडा-पांढरा तयार, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी अंबाबाई, आणि परतताना पिशवीत गूळ. यात शहर असतं कुठं? एकदा मी तिला न कळवता गेले. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेली पोसायडनची इवलीशी ब्राँझची मूर्ती आहे. रोमन व्यापाराच्या वाटेनं आलेला समुद्राचा देव, उतरला पंचगंगेच्या काठी. त्याचंही या गावात कुणी नव्हतं. त्याच्यासमोर मी हवा तेवढा वेळ उभी राहिले, आणि कुणी "झालं का?" म्हणालं नाही. बहिणीला हे महिन्याभरानं कुणाच्या तरी फोटोवरून कळलं, तो विषय वेगळा.

त्यानंतर मी एक नेम केला: एका शहरात एकच गोष्ट बघायची. बाकी जे दिसेल ते वरकड. सहलीच्या बसमध्ये दिवसाला सात 'पॉइंट' असतात आणि प्रत्येक पॉइंटला वीस मिनिटं, त्यातली दहा चपला शोधण्यात. घरच्यांबरोबर गेलं तर पॉइंट कमी होतात, पण चहाच्या वेळा वाढतात. एकच गोष्ट बघायची ठरवली की शहर सैल होतं. ती गोष्ट सकाळी बघता येते, जेवून पुन्हा बघता येते, आणि नाहीच आवडली तर स्टेशनवर बसून माणसं बघता येतात. आवडली नाही हे कबूल करायलाही एकटंच असावं लागतं. चौघांत असलो की आलोच आहोत तर आवडवून घेतो.

आता बेत कसा आखायचा ते सांगते, कारण माझं निम्मं सुख त्यातच असतं. पूर्वी रेल्वेचं छापील वेळापत्रक विकत आणून त्यात पेन्सिलीनं खुणा करायचे, आता सगळं फोनवर असतं. पण वही माझी अजून आहे. तीत प्रत्येक शहराला एक पान आणि पानावर तीन रकाने: जायची गाडी, यायची गाडी, बंद वार. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. कोल्हापूरचं टाउन हॉल सोमवारी बंद. मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी बंद, आणि पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणांवरची संग्रहालयंही बहुतेक शुक्रवारीच. देशातले सगळे पुतळे आणि चित्रं एकाच दिवशी सुट्टी का घेत नाहीत, हा प्रश्न मी सोडून दिलाय. तीन रकाने भरले की पानाचा मधला भाग कोराच ठेवायचा. तो कोरा राहावा म्हणून तर हे रकाने.

यायचं तिकीट आधी काढायचं. जायचं एकवेळ मिळालं नाही तरी चालतं. जाणाऱ्याला घाई नसते, येणाऱ्याला असते, कारण घरी दूध उतू चाललेलं असतं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशेवीसऐवजी साठच दिवस आधी उघडतं. लोकांनी त्यावर कुरकुर केली, मला ते बरं वाटलं. चार महिने आधी ठरवलेल्या गोष्टीचा उत्साह चार महिने टिकवायचा म्हणजे नोकरीच. पंचेचाळीस ओलांडलेल्या बाईला जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो, ही वय वाढण्यातली जमेची बाजू. ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० च्या मार्चमध्ये गेली ती गेलीच. मी तिच्या वयात पोहोचायच्या बेताला गेली, हे जरा जिव्हारी लागतं.

लोणीकरांना आणखी एक गणित शिकावं लागतं. मिरजेची लाइन पुण्यातच घोरपडीच्या बाजूनं फुटते, म्हणून सातारा-सांगली-कोल्हापूरसाठी मागं पुण्याला जायचं. सोलापूर किंवा नगरसाठी पुढं दौंडला. आणि दौंडमध्येही मख्खी आहे. मनमाडकडं जाणाऱ्या काही गाड्या मुख्य जंक्शनात येतच नाहीत, बाहेरच्या दौंड कॉर्ड लाइन नावाच्या स्टेशनात थांबून तशाच निघतात. तिकिटावरचे एवढे तीन शब्द नीट वाचले नाहीत तर रिक्षावाल्याचं भलं होतं. शिवाय दौंडला न थांबणारी किंवा आडवेळी थांबणारी रात्रीची गाडी असली, तर पुण्यालाच जाऊन बसायचं. मग गंमत अशी की दीड तास आधी घर सोडायचं, पुण्याला गाडीत चढायचं, पथारी पसरायची, आणि वीस-पंचवीस मिनिटांत गाडी आपल्याच गावावरून धडधडत निघून जाते. खिडकीतून मला डेपोचे दिवे दिसतात. आमच्या घरी तेव्हा जेवणं चाललेली असतात.

राहायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. स्टेशनवरची रिटायरिंग रूम मिळाली तर मी राजवाड्याकडंही बघत नाही. पीएनआर नंबर टाकला की खोली मिळते आणि कुणी काही विचारत नाही. बाहेरच्या लॉजवर विचारतात. एका शहरातल्या लॉजच्या काउंटरवरच्या मुलानं माझं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी बघून विचारलं, "मॅडम, सोबत कोण?" कुणी नाही म्हटल्यावर, "मग गावात कुणाकडे काम?" म्हणजे ओट्यावरचा प्रश्न इथंही माझ्या आधी येऊन पोहोचला होता. खोली नाहीच मिळाली. तेव्हापासून उजेडी पोहोचणारी गाडीच निवडायची आणि जमेल तिथं रात्र गाडीतच काढायची. सामान क्लोकरूमला टाकायचं असेल तर बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. म्हणून एक छोटं पितळी कुलूप कायम पिशवीत.

एकटीनं बघायला माझ्या मते सगळ्यात चांगलं शहर मिरज. मिरजेला फारसं कुणी 'बघायला' जात नाही. दवाखान्यासाठी जातात आणि गाडी बदलायला जातात. एके काळी हे जंक्शन म्हणजे नवलच होतं. मीटरगेज होतं, बार्शी लाइट रेल्वेचं नॅरोगेज होतं, आणि पुढं ब्रॉडगेजही आलं. तिन्ही मापांचे रूळ एका स्टेशनात. पण मिरजेत एक गल्ली आहे, जिच्यासाठी दिवस मोडावा.

पुण्याहून दिवसाची कोयना धरायची. शिंदवण्याचा घाट, जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा, कऱ्हाड अशी ती रमतगमत जाते. कऱ्हाडनंतर किर्लोस्करवाडी लागते. तिचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या माळावर कारखाना काढला, आणि त्याच माळावरून 'किर्लोस्कर' मासिक निघालं, मग १९३० साली 'स्त्री'. नांगर आणि पंपांच्या कारखान्याच्या गावातून महाराष्ट्रातल्या बायकांच्या हातात एक मासिक गेलं. स्टेशन छोटंसं आहे, गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात मी खिडकीतून मान बाहेर काढून बघते. बघण्यासारखं काही नसतं, तरी बघते. पुढं भिलवडी, सांगली. सांगली म्हणजे १८४३ सालचं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', मराठी नाटकाचा पहिला पडदा. पण नेम तो नेम. सांगलीला उतरायचं नाही.

मिरजेची ती गल्ली सतारमेकरांची. दर्ग्याच्या आसपासचा भाग. पाट्यांवर सतारमेकर हे आडनाव, आणि दुकान म्हणजे पुढं विक्री नि मागं कारखाना. यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी होत गेलं, आणि फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांनी पटवर्धनांच्या मिरजेत तंबोरे दुरुस्त करता करता नवे करायला घेतले. तलवारीवरून तंबोऱ्यावर आलेलं घराणं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत दोन दिवस फोटो आले. गल्लीत त्यानं काय बदललं असं मी एका कारागिराला विचारलं. त्यानं रंधा न थांबवता "चौकशा वाढल्या," एवढंच सांगितलं.

मी बघायला गेले होते भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून नदीकाठचे हे भोपळे येतात, भाजीचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे. वाळलेले भोपळे माळ्याला उलटे टांगलेले असतात. आत गेल्यावर मान वर केली की डोक्यावर पिवळट-तपकिरी गोल गोलच. कारागीर त्यातला एक उतरवतो, टिचकी मारतो, ऐकतो, परत टांगतो. दुसरा उतरवतो. यात त्याला घाई नसते आणि मलाही नव्हती. एकटं असण्याचा अर्थ मला त्या दुकानात सगळ्यात नीट कळला. सोबत कुणी असतं तर तिसऱ्या भोपळ्याला त्यानं घड्याळ बघितलं असतं, आणि त्याच्या घड्याळ बघण्याकडं मी बघितलं असतं. मी दुपारपर्यंत बसले. त्यांनी चहा दिला. मी गाते का, असं विचारलं. नाही म्हटलं. वाजवते का? नाही. घरात कुणी? नाही. मग एक वेळ अशी आली की त्यांनी विचारणंच सोडलं, आणि खरं काम दाखवायला लागले.

खरं काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी बसते, तिचा वरचा पृष्ठभाग कानसून असा उतरता करायचा की तार तिच्यावर एका जागी टेकत नाही, थरथरताना पुन:पुन्हा घासून जाते. त्यातून तो झंकार येतो. वर तारेखाली सुती दोऱ्याचा एक धागा सरकवून त्याची जागा केसाएवढी इकडं-तिकडं करत राहायचं. मोजायला कसलंही यंत्र नाही, कानानंच. म्हाताऱ्या कारागिरानं तार छेडली. मला ती चांगलीच वाटली. त्यांनी मान हलवली, पुन्हा कानस. पुन्हा छेडली. मला तेव्हाही चांगलीच वाटली. असं चालत राहिलं, आणि मग एकदा त्यांनी छेडली आणि खोली एकदम भरली. मला कळलं की आधीचं काही चांगलं नव्हतं. हे कळायला तिथं अर्धा दिवस बसावं लागतं, वीस मिनिटांच्या पॉइंटवर ते होत नाही.

तिथून दर्ग्याकडं गेले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या या दर्ग्याच्या आवारात आहे. कैरान्यात जन्मलेला हा गवई मिरजेचा होऊन गेला. उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ इथं गाणं होतं. त्यांचा शेवट रेल्वेच्या फलाटावर झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडेचरीला जाताना छातीत कळ आली म्हणून ते सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले. सांगतात की फलाटावर अंथरूण घालून त्यांनी नमाज पढला, दरबारीच्या सुरांत प्रार्थना गायली आणि तिथंच गेले. त्यांना तिथून मिरजेला आणलं. ज्या स्टेशनात आपलं कुणीच नाही, तिथं माणसाजवळ काय उरतं, याचा विचार मी त्या आवारात बसून थोडा वेळ केला. मग भूक लागली.

सोलापूरबद्दल थोडक्यातच सांगते, कारण सोलापूरकरांना आपल्या गावाबद्दल स्वतःच सांगायला आवडतं. पुणे-सोलापूर गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांच्या स्मरणार्थ. गाडी रोज त्यांच्या गावाहून त्यांच्या फाशीच्या शहरापर्यंत जाते आणि परत येते. पासधारकांना याची आठवण असते का माहीत नाही, मला डबा उघडताना दरवेळी होते. मी 'घर बघायला' गेले होते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. चीनला गेलेला आणि १९४२ साली तिथंच वारलेला हा डॉक्टर सोलापूरचा. घर आता स्मारक आहे. भिगवणच्या पुढं उजनीच्या फुगवट्याचं पाणी लागतं, हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतात, तेव्हा जाताना उजेड असेल असं बघावं. शेंगाचटणी मात्र आणलीच पाहिजे, नाहीतर घरी प्रवेश नाही.

विजयपूरची गोष्ट वेगळी. गोलघुमट हा एकट्या माणसाचा अपमान करण्यासाठीच बांधलाय असं वाटावं. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, तो गेला १६५६ साली. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटरच्या आसपास. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्यानं सात मजले चढून गेलं की घुमटाच्या आत गोल सज्जा लागतो. इथं भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर समोर, अडतीसएक मीटरवर कान लावलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे समोर माणूस लागतो! शाळांच्या सहली यायच्या आधी जावं हा सल्ला मी तंतोतंत पाळला होता, आणि त्यामुळं सज्जात मी एकटीच. टाळी वाजवली. ती सातआठ वेळा परत आली. चुटकी वाजवली, तीही आली. पण कुजबुजणार कुणाशी? स्वतःच कुजबुजून पळत समोर जाता येत नाही. माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यानं काढलेला हा चिमटा मला फार आवडला.

थोड्या वेळानं गळ्यात दप्तर अडकवलेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा धापा टाकत वर आला. सहलीतून पुढं पळालेला. मी खुणेनं त्याला पलीकडं उभं केलं आणि भिंतीला म्हटलं, "ऐकू येतंय का?" भिंतीतून कानडी हेल असलेल्या मराठीत उत्तर आलं, "हो. तुम्ही कुठल्या?" मी गाव सांगितलं. पुढचा प्रश्न काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि तो आलाच. मी म्हटलं, "कुणाकडे नाही, तुझ्याशी बोलायला आलेय." तो इतका हसला की ते हसू सगळ्या घुमटातून फिरत राहिलं, आणि खालून रखवालदाराची शिट्टी ऐकू आली. तेवढ्यात बाकीची शाळा जिन्यातून वर आली. त्यानंतर काही ऐकू येण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुपारी इब्राहिम रोजा. हा नेमात नव्हता, वरकड. दुसरा इब्राहिम आदिलशहा गाण्याचा वेडा. 'किताब-ए-नौरस' त्यानं रचली, आणि आपल्या तंबोऱ्याचं नाव त्यानं मोतीखान ठेवलं होतं. राजानं तंबोऱ्याला नाव द्यावं, तेही असं भारदस्त! मिरजेच्या त्या म्हाताऱ्याला हे सांगायला हवं होतं असं वाटलं, पण मग मिरजेला कारण घेऊन जावं लागलं असतं.

याच लाइनीवर पुढं गदग आहे, आणि गदगवरून १९३३ साली अकरा वर्षांचा एक मुलगा गाणं शिकायला गुरू हवा म्हणून घर सोडून पळाला. विजयपूर, पुणे, मुंबई, ग्वाल्हेर, आणखी कुठं कुठं. तिकिटाला पैसे नव्हते. गाडीत गायचा, उतारू खूश झाले की पुढं सरकायचा. शेवटी तो वडिलांना जालंधरला सापडला, आणि पुढं सवाई गंधर्वांकडं, म्हणजे अब्दुल करीम खाँच्या शिष्याकडं, शिकायला राहिला. भीमसेन जोशींच्या त्या भटकंतीत तपासनिसाच्या प्रश्नांना उत्तर म्हणून राग निघायचा. मला ती सोय नाही, मी तिकीट काढते.

तर आता वहीत गदगचं पान उघडलंय. मुंबईहून गदगकडं जाणारी रात्रीची गाडी पुण्याला धरायची, वीरनारायणाचं आणि त्रिकूटेश्वराचं मंदिर यातलं एकच बघायचं, कुठलं ते अजून ठरत नाही. यायचं तिकीट काढायचंच होतं, पण परवा शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि टेबलावरचं पान त्यांनी वाचलं.

"गदगला? अगं, मग बोलायचं नाही का! माझ्या थोरल्या नणंदेची जाऊ तिथंच असते. एकटीच असते बिचारी, तुला बघून किती खूश होईल. फोन लावून देते."

त्यांनी लावून दिला. जाऊबाई फार प्रेमळ आहेत. किती दिवस राहणार, एवढंच विचारत होत्या.

मी सध्या धारवाडच्या गाड्या बघतेय. मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर तिथं स्मारक म्हणून जपलेलं आहे. काकूंना अजून बोलले नाही.